एकोणीस अंगठे, एक सही

आमच्या संस्थेचं इंजिन मेकॅनिकच्या शेडमध्ये अडकलं तेव्हा मी अठरा वर्षांची होते, आणि दोन ओळींत 'शोषण' हा शब्द आला नाही तर मजकूर मला अळणी लागायचा. त्यात माझा दोष थोडा. बाबांनी मला अक्षरं पत्रकांवरूनच शिकवली. सभेत वाटून उरलेली पत्रकं घरी यायची आणि त्यांची मागची कोरी बाजू माझी पाटी व्हायची.

मध्य प्रदेशाच्या हद्दीतल्या पांढुर्ण्यात, आमच्या वस्तीतल्या एकोणीस घरांनी मिळून रीतसर नोंदणी केलेली संस्था काढली होती. कुणी मजूर, कुणाकडे एक-दोन एकर आणि थोडी संत्र्याची झाडं. संस्थेची मालमत्ता म्हणजे डिझेलवर चालणारं पाण्याचं इंजिन. ते पाळीपाळीनं एकेका विहिरीवर जायचं. मार्चमध्ये दुरुस्तीला टाकलं, आणि त्याच आठवड्यात शेडच्या दाराला लाखेचं सील लागलं. मेकॅनिकनं कर थकवला होता, म्हणून आतलं सगळं लिलावात जाणार होतं. दारावर कागद डकवलेला : आत कोणाची वस्तू असल्यास सोमवारपर्यंत सौंसरच्या कचेरीत लेखी दावा द्यावा. नाही दिला, तर एप्रिलच्या उन्हात आमची झाडं उभ्या उभ्या वाळणार.

रविवारी मी तीन पानं लिहिली. बाबांनी वाचली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "जोर आहे."

आमच्यात एक रीत होती. संस्थेच्या कागदावर एकट्यानं सही करायची नाही. मागे एका म्हाताऱ्याचा अंगठा घेऊन तीन भावांची जमीन कुणीतरी लिहून घेतली होती, तेव्हापासूनची ही रीत. म्हणून सोमवारी दावा द्यायला एकोणीसच्या एकोणीस सभासद बसमध्ये चढले, आणि कागद लिहिणारी म्हणून मीही.

"वरात हाय का मोर्चा?" कंडक्टरनं विचारलं.

"इंजिन आणाले चाललो," अध्यक्ष मावशी म्हणाल्या. "तू तिकिटं फाड."

मावशी शेतमजूर. रात्रीच्या प्रौढ वर्गात नाव लिहायला शिकलेल्या. संस्थेचे ठराव लिहायचं कार्यवाहीचं पुस्तक आणि रबरी शिक्का त्या भाकरीच्या फडक्यात बांधून नेत.

कचेरीतल्या बाबूंनी माझी तीन पानं उलटसुलट केली. शेवटच्या पानावर सह्या आणि अंगठे गर्दी करून बसले होते.

"ये दावा है कि पर्चा?"

"दावा आहे, पत्रक नाही," मी म्हटलं. "आणि खरं लिहिलंय."

"सच होगा, बेटी. पर इंजन का नंबर कहाँ है?"

तीन पानांत व्यवस्थेची पाळंमुळं होती, इंजिनाचा नंबर नव्हता.

बाबू पुढे म्हणाले, की संस्था कायद्यानं एकच व्यक्ती असते. तिच्या वतीनं एकानं सही करायची, आणि त्याला तो अधिकार दिल्याचा ठराव जोडायचा. हे असं दिलं तर एकोणीस वेगवेगळे दावेदार धरले जातील आणि इंजिन त्यांच्यापैकी एकाचंही ठरणार नाही. पाच वाजेपर्यंत वेळ होता.

मी बाबूंशी भांडले. एकाला पुढे काढायचं आणि बाकीच्यांना मुकं करायचं ही जुनीच चाल आहे, असंही ऐकवलं. त्यांनी शांतपणे विड्याचं पान तोंडात टाकलं. "सब आए हैं ना? तो बाहर मीटिंग कर लो. ऐसी सोसायटी मैंने नहीं देखी जो पूरी की पूरी आ जाए."

आवारातल्या कडुनिंबाखाली सभा भरली. सहीचा अधिकार मावशींना द्यायचा, असा ठराव पुढे आला. संस्थेतले सगळ्यात वयस्क काका उखडलेच. "एकटीची सही? मंग आमी काय सौंसर पाहाले आलो?"

मावशींनी फडकं सोडलं. "काऊन चिडून राहिले, भाऊ? तुमचे समद्यायचे अंगठे या पुस्तकात. त्याच्या जोरावर माही सही त्या कागदावर. उद्या मी बेइमान झाली, त पुस्तक हायच ना तुमच्याजवळ."

मी पुस्तकात ठराव लिहिला. काकांनीच पहिला अंगठा पुढे केला.

बाबांच्या खिशातून इंजिनाची पावती निघाली. मी ठरावाची नक्कल काढली आणि दावा हिंदीत पुन्हा लिहिला. सात ओळी. वस्तू, नंबर, मालक कोण, शेडमध्ये का होती, परत मिळावी. आयुष्यात इतकं कोरडं काही लिहिलं नव्हतं, आणि इतकं घाबरूनही नाही. शिक्क्याचं पॅड वाळलं होतं. त्यावर पाण्याचे दोन थेंब टाकले. मावशींनी सही करायला वेळ लावला, तेवढा वेळ अठरा माणसं त्यांच्या बोटांकडे बघत होती.

बाबूंनी आमच्या प्रतीवर तारीख घातली, शिक्का मारला. "अब नीलाम नहीं होगा, जब तक इसकी सुनवाई न हो."

काका बाहेर येऊन पायरीवरच बसले आणि पाणी मागितलं. मलाही तेव्हाच कळलं, की सकाळपासून आपण काही खाल्लं नाही.

सुनावणी एका बैठकीत आटोपली. पावतीवरचा आणि इंजिनावरचा नंबर जुळला. बैलगाडीतून इंजिन वस्तीवर आलं, पहिली पाळी काकांच्या विहिरीची लागली. हँडल मारून मारून बाबांचा खांदा भरून आला, तेव्हा कुठं धुराचा भपका निघाला आणि पाटाला पाणी सुटलं.

मावशींनी माझी तीन पानं तेव्हा परत दिली. फडक्यात राहून त्यांना भाकरीचा वास लागला होता. "हे सभेत वाचजो, पोरी," त्या म्हणाल्या. "आता पाण्यातून बाजूले हो."