पिराजी गुळव्याचा नकार

माझा धाकला भाऊ पिराजी गुळव्या होता. पाण्यात हात बुडवायचा, उकळत्या काहिलीतला पाक चिमटीत धरायचा आन सांगायचा, आता उतरवा. त्येच्या हातचा गूळ शाहूपुरीच्या बाजारात उठून दिसायचा. ह्ये मी भन हाय म्हणून सांगत न्हाय, व्यापारीच म्हणायचे.

दिवाळी झाली की गुऱ्हाळवाले नारळ घिऊन आमच्या दारात हजर. ज्येचा नारळ ठेवून घेतला, त्येचं हंगामभर काम. दुसऱ्याला सरळ तोंडावर सांगायचा, "पावणं, आवंदा जमायचं न्हाय." एकोणपन्नास साली गणपतरावाचा नारळ ठेवून घेतलेला, आन गणपतरावानं काहिलीपाशी त्येला आईवरनं शिवी दिली. ह्यो गडी त्याच पावली निघाला की! गणपतरावाचा गूळ करपला, आन पिराजी दुसऱ्या दिशी केरबाच्या गुऱ्हाळावर उभा. मी भ्याले, पण खोटं कशाला बोलू, लई झ्याक वाटलं.

मग साखरेचा कारखाना आला. आसपासच्या गावांचा ऊस तिथंच घालायचा, परवान्याबिगर गुऱ्हाळ लावायचं न्हाय, असा हुकूम निघाला. शेतकऱ्यालाच आपला ऊस कुणाला द्यायचा ते ठरवता येईना, तितं गुळव्याला कोण इचारतंय? केरबानं काहील मोडीत घातली. पिराजी पार गडहिंग्लजपत्तर हिंडून आला. तिकडं त्यांचे त्यांचे गुळवे होतेच. शेवटी कारखान्यातच वजनकाट्यापाशी सांडलेला ऊस गोळा कराय लागला. आन कारखान्याचा चेअरमन कोण? गणपतराव! माझं तर टाळकंच फिरलं.

छप्पन साली गणपतरावाच्या लेकीचं लगीन निघालं. त्येला घरचा गूळ पायजे झाला, आन त्येच्या गुऱ्हाळाला एका दिसात परवाना मिळाला. आमच्याकडं शिपाई आला. नारळ न्हाय, काय न्हाय. म्हणाला, "सायबांनी बोलावलंय."

"जाऊ नगंस," मी म्हणाले. "जमत न्हाय म्हणून सांग."

पिराजी पटका बांधत व्हता. म्हणाला, "न्हाय म्हणून कुणाच्या दारात जाऊ, आक्का?"

त्यो गेला, आन दोन दिसांनी परत आला.

"शिवी दिली का रं?" मी इचारलं.

"न्हाय. लई गोड बोलला. सगळ्या पाव्हण्यांम्होरं पाठीवर हात ठेवला. म्हणाला, ह्यो आमचा पिराजी, आता कुटं जातोय?" आन त्येचं डोळं भरलं.

माझ्या अंगाची आग आग झाली. गणपतरावाचा मुडदा बशिवला, त्येच्या सात पिढ्या काढल्या. इतक्या मोठ्यानं, की दारातली कोंबडी पळाली.

पिराजीनं गडबडीनं उठून दार लावलं.

"हळू बोल, आक्का," त्यो म्हणाला. "शेजारी कारखान्याचा मुकादम ऱ्हातोय."