पडवीतली परीक्षा

सात म्हयने राजेश्वरीचा उजवा हात गाडीच्या हँडब्रेकवर व्हता. कुनाला कळायचं न्हाई. पदर असा मांडीवरनं त्या अंगाला सोडायची आन त्याच्याखाली हात. मागं सरूबाई आन बाकीच्या बाया बसल्याल्या असायच्या. कुनाच्या सुनेनं काय केलं, कुनाची म्हैस आटली, असल्या गप्पा चालायच्या, आन राजेश्वरी म्होरं बसून हसायची. हसायची ती तोंडानं. डोळे तिचे नवऱ्याच्या हनवटीवर. हनवटी कापाय लागली की ब्रेक वडायचा, एवढंच तिनं मनात धरल्यालं.

नवरा तिचा बजरंग. पवनेच्या बाजूला तो लय वरसं गाडी चालवतोय. सकाळी गावातल्या आठ बाया भरायच्या, खिंडीतनं उतरून हायवेला लागायचं, वडगावच्या म्होरं फुलांची पॉलिहाऊसं हायेत तितं सोडायच्या, सांजच्याला परत आनायच्या. राजेश्वरी बी म्होरं बसून संगं जायची, गुलाब काढायला. बजरंगची गाडी म्हनली की पोरीबाळींचे बाप बिनघोर झोपायचे. कदी वाकडं बोलनं न्हाई, कदी पिऊन बसला न्हाई.

माघात एक दिवस तो जेवाय बसला आन ताटावरच पालथा झाला. हातपाय ताठ, तोंडाला फेस. म्हातारा, म्हंजी बजरंगचा बाप श्रीपतीआबा, रानात व्हता, म्हनून त्याला काय कळलं न्हाई. पंधरा दिवसांनी गोठ्यात परत तसंच. मग राजेश्वरीनं त्याला तळेगावच्या डॉक्टरकडं न्हेलं. डॉक्टर म्हनला ही फिट हाय, गोळ्या चुकवायच्या न्हाईत, आन आजपासनं गाडीला हात लावायचा न्हाई.

औषधाच्या दुकानाच्या पायरीवरच बजरंगनं तिला सांगितलं, ह्यातलं कुनाला बोलायचं न्हाई, आबाला तर न्हाईच. एकदा फिटवाला म्हनून नाव पडलं की गाडीत कुत्रं बी बसनार न्हाई. राजेश्वरीनं मान हलवली. आता तुमी म्हनाल का हलवली. तवा तिला वाटलं, चार दिवसांत ह्याला समजावू. चार दिवसांचे सात म्हयने झाले. गोळ्या तो आटवन आली तर घ्यायचा, न्हाईतर उशीखाली तशाच. फिट पुन्यांदा आली का? आली, दोनदा, दोन्ही बारीला घरातच. गाडीत आली न्हाई, ह्याच्यावर बजरंग भरवसा टाकून बसला व्हता, आन ह्याच्यावरच राजेश्वरीची झोप उडाली व्हती.

एक दिवस ती म्हनली, गाडी म्या शिकते. बजरंग इतका हसला की डोळ्यातनं पानी आलं. सातवी शिकल्याली बाई, वय एक्केचाळीस, सायकलवर कदी बसली न्हाई. म्हनला, लायसन आन, त्या दिवशी चावी तुझ्या हातात. त्याला वाटलं विषय मिटला.

पन पॉलिहाऊसवरच्या हजेरीच्या बाईनं तिला तळेगावच्या चंद्रिका मॅडमचा पत्ता दिला. ह्या मॅडम मोठ्या वयात पयलं लायसन काढनाऱ्या लोकांचा क्लास घ्यायच्या, फोनवर. आठवड्यातनं तीन दिवस, दिवेलागनीला. पाट्या, खुना, कुनी कुनाला वाट द्यायची, घाटात काय, पावसात काय, सगळं. मग सरकारी परीक्षा बी घरात बसूनच, फोनवर. पंधरा सवाल, नऊ तरी बरोबर पायजेत. ती झाली की शिकाऊ लायसन, आन मग गाडी हातात धरून पक्क्याची तयारी.

अडचन एकच व्हती. घरात फोनला रेंज मिळायची ती फकस्त पडवीत, आन पडवीत आबाची कॉट. राजेश्वरीनं आबाला थाप मारली, कंपनीचं रस्त्यावरच्या सेफ्टीचं ट्रेनिंग हाय म्हनून. आबाला ते पटलं. क्लास लागला की आबा टोपी घालून कॉटवर ताठ बसायचा, कारन फोनमधली मानसं आपल्याला बघत्यात अशी त्याची खात्री. त्यात एक गंगाधर म्हनून रिटायर झालेले बँकेतले काका व्हते, त्यांच्या घरचा कुकर रोज शिट्ट्या मारायचा आन मॅडम रोज सांगायच्या, काका, तुमचा आवाज बंद करा. आबा म्हनायचा, सायब मानूस, पन जेवतोय लय उशिरा. राजेश्वरी खाली पोत्यावर बसून वहीत पाट्या काढायची. तिला ते सगळं गोड लागाय लागलं व्हतं. तेवढा तासभर तिला नवऱ्याची हनवटी दिसायची न्हाई.

मग अर्ज भरायचा दिवस आला. मॅडमनी सगळ्यांकडनं एकाच येळी भरून घेतला. नाव, गाव, जन्मतारीख, आन मग तब्येतीचा कागद. त्यातला पयलाच सवाल, तुमाला फिट येते का, अचानक शुद्ध जाते का. राजेश्वरीचं बोट तितंच थांबलं.

मॅडमनी बघितलं. म्हनल्या, "राजेश्वरीताई, अडलं का काही?"

ती म्हनली, "न्हाई मॅडम. हे पयलंच का इचारत्यात?"

"कारण तो प्रश्न तुमच्या एकट्याचा नाही. बाकी सगळ्या चुका तुम्ही शिकून सुधारू शकता. ही तुमच्या हातात नसते. गाडीत बसलेल्यांच्या तर नसतेच नसते."

राजेश्वरीनं 'नाही' वर बोट दाबलं. स्वतःपुरतं ते खरंच व्हतं. पन त्या रात्री भाकरी थापताना तिच्या डोळ्याम्होरं सारखं ते आठ जनींचं बाकडं यायचं. सरूबाईची नात कदीकदी मांडीवर असायची, दवाखान्याला न्यायची म्हनून.

परीक्षा रविवारी सकाळी ठरली. मॅडमनी पाठ करून घेतल्यासारखं सांगितलं व्हतं, फोनचा कॅमेरा तुमच्याकडं बघत राहतो, चेहरा पूर्ण दिसला पाहिजे, पदर कपाळावर नको, उठायचं नाही, बाजूला बघायचं नाही, दुसरं कुणी शेजारी येता कामा नये. राजेश्वरीनं आबाचा दिवस बघूनच येळ धरली. आबा पल्याडच्या गावाला दहाव्याला जानार व्हता, दुपारपतोर येत न्हाई. बजरंग मागं गाडी धूत व्हता. तिनं फोन तांदळाच्या डब्याला टेकवला, पदर खांद्यावर घेतला, आन परीक्षेआधी दावत्यात तो सरकारचा रस्ता-सुरक्षेचा सिनेमा पूर्न बघितला. मग सवाल लागले.

पयला बरोबर. दुसरा बरोबर. चौथा चुकला, तिला कळलं बी का चुकला. वर कोपऱ्यात घड्याळ उलटं पळत व्हतं. सात झाले त्यात सहा बरोबर. आठवा लागला, झेब्रा पट्ट्यावर मानूस हाय तर काय करायचं. हे तर तिला झोपेत बी येत व्हतं.

तेवढ्यात पायरीवर खोकला झाला. आबाला परतीला कुनाचीतरी मोटारसायकल मिळाली व्हती.

आता मावळातल्या सुनेला हे सांगायला लागत न्हाई. सासरा आधीपासनं कॉटवर असला तर खाली बसल्यालं चालतं. पन सासरा भायेरनं उंबऱ्यात आला की सून उठती, पदर डोक्यावर घेती आन बाजूला व्हती. बावीस वरसं ती हेच करत आल्याली. तिच्या मनात उठायचं नव्हतं. पन अंग उठलं. हात पदराला गेला, पाय भिंतीकडं सरकले. फोन डब्याला टेकूनच राहिला, रिकाम्या पडवीकडं बघत. ती परत धावत खाली बसली तवा फोनवर लिव्हल्यालं व्हतं, चेहरा दिसत नाही, परीक्षा बंद करण्यात आली आहे.

ती तशीच बसली. आबा इचाराय लागला, काय झालं, कोन गेलं. बजरंग बादली घिऊन मागनं आला. त्यानं फोन बघितला, तिच्याकडं बघितलं. म्हनला, "झालं समाधान? आता ठिव त्यो फोन."

बोलला तो वाईट न्हाई. पन त्याच्या तोंडावर जे व्हतं ते तिनं बघितलं. त्याचा जीव मोकळा झाला व्हता. उद्या सकाळी पुन्यांदा तोच गाडीवर बसनार, म्हनून.

राजेश्वरी उठली. पदर डोक्यावर तसाच व्हता. म्हनली, "आबा, ह्यांना फिट येते."

बजरंगच्या हातातली बादली खाली टेकली. आबा कॉटवर बसला. म्हनला, "कवापासनं?"

"माघापासनं. डॉक्टरनं गाडी बंद सांगितली व्हती."

तिला वाटलं आता म्हातारा पोरावर उठंल. आबानं पोराकडं बघितलं बी न्हाई. तिलाच म्हनला, "आन तुला ठावं व्हतं. तू आठ बायांना मागं बसवून रोज खिंड उतरत व्हतीस."

राजेश्वरीला सांगायचं व्हतं, आबा, मी हात ठिवून बसत व्हते. पन खिंडीतल्या उतारावर एका बाईच्या हातानं काय व्हनार, हे तिला सात म्हयने ठावं व्हतं.

आबानं हात म्होरं केला. बजरंगनं चावी दिली. आबानं ती बंडीच्या खिशात टाकली आन सुनेला म्हनला, "सकाळी त्या बायांना तूच सांगायचं. म्या न्हाई, त्यो न्हाई. तू."

दुसऱ्या दिवशी बाया मारुतीच्या पाराजवळ डबे घिऊन उभ्या. गाडी न आल्याली बघून चेष्टा चालल्याली, बजरंगला आज बायकूनं उठवलं न्हाई वाटतं. राजेश्वरी चालत आली. तिनं सगळं सांगितलं, माघापासनं आजपतोर. आडपडदा ठिवला न्हाई. चेष्टा थांबली.

सरूबाई त्यात वयानं मोठी. राजेश्वरी लग्न होऊन आली तवा तिच्यावरनं मीठमोहऱ्या सरूबाईनंच उतरवल्या व्हत्या. ती म्हनली, "माझी नात मांडीवर व्हती गं. तू म्होरं बसून तिला बिस्किट देत व्हतीस."

एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. बाया वळल्या आन मोठ्या रस्त्याकडं चालाय लागल्या, तितनं मानशी पैसं घेनारी वडापची जीप मिळती. राजेश्वरी मागनं चालली, वीस पावलं मागं. जीपमधी तिला कुनी सरकून जागा दिली न्हाई, ती टपावरच्या दांडीला धरून मागं उभी राहिली. पॉलिहाऊसमधी बी तिच्या ओळीत कुनी आलं न्हाई. घरी बजरंग भिंतीकडं तोंड करून पडल्याला. तिच्याशी बोलनं बंद, जेवनाचं ताट तेवढं घ्यायचा. गोळ्या मातर आबा सोता हातावर ठिवायचा आन गिळंपतोर उभा राहायचा.

तिनं परीक्षा पुन्यांदा लावली, म्होरच्या रविवारी. त्या दिवशी आबा सकाळीच काठी घिऊन पारावर जाऊन बसला, कुनी सांगितलं न्हवतं. जाताना म्हनला, हाक मारल्याशिवाय येत न्हाई. पंधरातले अकरा बरोबर आले. फोनवर शिकाऊ लायसनचा कागद आला, त्यावर तिचा फोटू, उघड्या डोक्याचा. मॅडमनी क्लासात सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. गंगाधरकाकांनी लय वाजवल्या, ते अजून पास व्हायचे व्हते. राजेश्वरी हसली, पन तिला आनंद असा झाला न्हाई. बोलायचं कुनाला, दाखवायचं कुनाला.

शिकाऊ लायसनवर एकटीनं गाडी काढता येत न्हाई, शेजारी लायसनवाला लागतो. घरात ज्याच्याकडं लायसन त्याला बसवायचं न्हवतं. म्हनून रविवारी तळेगावला, मॅडमच्या ओळखीच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीवर ती जाऊ लागली. पयल्या दिवशी तीन बारी गाडी बंद पाडली. चौथ्या बारीला मैदानाला गोल फेरी मारली, आन घरी येऊन कुनालाच सांगितलं न्हाई.

एक दिवस पॉलिहाऊसवर पानी प्यायला बसल्यावर सरूबाई तिच्या शेजारी आली. तिच्याकडं न बघता म्हनली, "पक्कं कवा मिळतंय?"

"म्हयना तरी झाला पायजे शिकाऊला. मग परीक्षा घेत्यात, गाडी चालवून."

"आन पास झालीस तर ती गाडी तू चालवनार."

"कुनी बसलं तर."

सरूबाईनं तांब्या पालथा घातला. "बघू," म्हनली. "आत्ताच काय सांगत न्हाई." आन उठून आपल्या ओळीला गेली. राजेश्वरीला तेवढं बी लय वाटलं, आन लय कमी बी वाटलं.

क्लास अजून चालूच व्हता, पक्क्या परीक्षेचा. त्या शनवारी मॅडमनी घाटाचा धडा घेतला. म्हनल्या, सुट्टीला लोणावळ्याच्या पाहुण्यांच्या गाड्या तुमच्याकडच्या अरुंद रस्त्यांवर येतात, तर समजा चढावर एकच गाडी जाईल एवढी वाट आहे. एक वरून येतेय, एक खालून. आधी कुणी जायचं? राजेश्वरीताई, तुम्ही सांगा.

राजेश्वरीनं वही चाळली. घाटाच्या पाट्या तिला येत व्हत्या, हे येत न्हवतं. आबा कॉटवर टोपी घालून ताठ बसल्याला.

आतल्या खोलीतनं आवाज आला. "खालनं येनाऱ्याला आधी सोडायचं. चढावर त्यो थांबला तर मागं घरंगळतो. वरच्यानं दम धरायचा."

वीस दिवसांत बजरंगनं तिला बोलल्याला तो पयला शबूद. आबानं मान वळवली न्हाई. राजेश्वरीनं फोनमधी बघून तेच तसंच सांगितलं.

"अगदी बरोबर," मॅडम म्हनल्या. "छान अभ्यास केलाय."

"मॅडम, ते मला येत न्हवतं," राजेश्वरी म्हनली. "आमच्या घरच्यांनी सांगितलं. त्यांनी लय वरसं गाडी चालवलीया."

आत त्याची कॉट करकरली. मग मागचं दार वाजलं, आन बजरंग म्हशीला पानी दावायला गेला.