भिंतीवरचे दत्त

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत तळमजल्यावर राहणारे ते काका कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीवरच्या देवाला हात जोडायचे, मग माणसांशी बोलायचे. कुणाला दवाखान्यात न्यायचं असलं की रिक्षा तेच आणायचे आणि घरी परत येईपर्यंत सोबत थांबायचे. आभार मानले की म्हणायचे, “असू दे ओ, घरचंच आहे.” दोन्ही मुलींनाही त्यांनी हेच वळण लावलेलं.

गेल्या वर्षी आम्ही हॉल नव्याने करून घेतला. आईच्या वेळच्या दत्ताच्या तसबिरीची काच तडकलेली होती. सगळे ठेवतात तशी मीही ती कोपऱ्यावरच्या पिंपळाखाली ठेवून आलो. काका घर बघायला आले तेव्हा त्यांचे हात सवयीने वर गेले. समोर टीव्ही होता. मग त्यांनी मलाच नमस्कार केला आणि म्हणाले, “छान झालंय ओ.”

गेल्या महिन्यात ते वारले. भेटायला गेलो तर त्यांच्या घराची एक अख्खी भिंत जुन्या तसबिरींनी भरलेली. पिंपळाखालच्या एकेक उचलून आणायच्या, काच बदलायची आणि रोज सगळ्यांना उदबत्ती दाखवायची, हे त्यांचं चाललेलं.

मी काही विचारायच्या आत काकू म्हणाल्या, “तुमचे दत्त खिडकीपाशी आहेत. हे म्हणायचे, न्यायला आले तर लगेच हाताशी असू देत.”

“नेतो, काकू,” मी म्हणालो.

घरी येऊन भिंतींकडे बघत बसलो. भिंत खराब होते म्हणून आम्ही कुठेच खिळा ठेवलेला नाही.