तारीचं दप्तर

गेल्या रविवारी नव्या पेठेत चप्पल घ्यायला गेले आणि पुस्तक घेऊन आले. चप्पल राहिलीच.

फुटपाथवर जुनी पुस्तकं मांडली होती. त्यात ती कादंबरी दिसली... लहानपणी माझ्या डोक्यात वाचनाचं वेड भरवणारी. मुखपृष्ठ गेलेलं, पण आत नाव तेच.

खरं तर ती मी कधी वाचलेलीच नव्हती, ऐकली होती. आमच्या गल्लीतल्या बायका दुपारी एकत्र बसून विड्या वळायच्या. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू. शेजारच्या पद्माअक्काला तेवढं सरसर वाचता यायचं, म्हणून ती वाचायची आणि तिच्या वाटच्या विड्या बाकीच्या वळून द्यायच्या. घरोघरी तेलुगू, मराठी, दखनी असं काहीबाही चालायचं, गोष्ट मात्र मराठीत.

मी तेव्हा सातवीत होते. सकाळची शाळा सुटली की आईला चिकटून ऐकत बसायचे. पुस्तक लायब्ररीचं... तंबाखूचे हात लागतील म्हणून अक्का ते कुणाला शिवू द्यायची नाही. नेमकी गोष्ट रंगात आली की पुस्तक मिटून ठेवायची. मला इतका राग यायचा की पुढे पहिल्या पगारात मी काय केलं असेल तर लायब्ररी लावली. आज घरात भांडी कमी, पुस्तकं जास्त.

गोष्ट साधीच. तारी ही नावाड्याची मुलगी, आणि शाळा नदीच्या पलीकडे. बापाला तिची शाळा नको असते. शेवटी तारी स्वतः होडी वल्हवत शाळेला जाते आणि बाप काठावर उभा राहून बघतो. मला तो काठ अजून दिसतो.

रविवारी रात्री कौतुकानं शेवटचं प्रकरण काढलं. त्यात होडी नव्हती. तारीचं लग्न होतं आणि तिचं दप्तर धाकट्या भावाला मिळतं... एवढंच. पुढे कोरं पान.

आधी वाटलं, आवृत्ती वेगळी असेल. मग वाटलं, आपलं डोकं चालेनासं झालं. कुणाला विचारणार? आई आता नाही. म्हणून काल विडी घरकुलात, विडी कामगारांच्या वसाहतीत, पद्माअक्काकडे गेले. ती आता मुलाकडे असते, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. तिला शेवटचं पान वाचून दाखवलं.

"व्हय की, तसंच हाय ते," ती शांतपणे म्हणाली.

"मग होडी?"

"ती मी घातली."

मला हसू आलं. म्हातारीला नाही आलं.

"त्याच आठवड्यात तुज्या आईनं तुज्यासाठी नवं सूप आणलं हुतं. आठवतंय का?"

आठवत होतं. आमच्याकडे पोरीसाठी वेगळं सूप आलं की तिची शाळा संपली, हे गल्लीत सगळ्यांना कळायचं. पण आईनं त्या सुपात कायम तांदूळ पाखडले. म्हणून ते माझ्यासाठी होतं, असं मला कधी वाटलंच नाही.

"सातवी झाली, आता विड्या वळाया बसवते म्हनत हुती," अक्का म्हणाली. "म्या लई सांगून बघितलं, ऐकंना. आन त्याच टायमाला पुस्तकात ह्यो शेवट आला. तिच्यासमोर कसा वाचू? वाटलं, जाऊ दे तारीला शाळेत. बगू, काय हुतंय."

"आई काय म्हणाली?"

"कायबी न्हाय. विड्या वळत बसली. जून लागल्यावर तुला आठवीची पुस्तकं आणली की."

आईचं मन तारीनं वळवलं की आणखी कशानं, हे आता कधीच कळणार नाही. कदाचित तिनं आधीच ठरवलं असेल. पण मी आठवीत गेले, एवढं खरं.

मी पुस्तक मिटलं. मग विचारलं, पुस्तकातला शेवट एवढ्या पटकन बदलायचं सुचलं कसं?

अक्कानं चष्मा पुसला. "माजं दप्तर भावालाच गेलतं की गं. अजून किती पोरींचं जाऊ द्यायचं?"

मी तिच्या पाया पडले. ती म्हणाली, "हे काय आता? चहा घे."

मी वाचते ती पद्माअक्कामुळे, असं आजवर सगळ्यांना सांगत आले. ते किती खरं आहे, ते मला काल कळलं.