चतुःसीमेचा चहा

ब्रह्मपुरीच्या तहसील कचेरीसमोर, टिनाच्या शेडखाली सत्यशीला लोणारे गेली सव्वीस वर्षं अर्जनवीस म्हणून बसते. घराचा सौदा ठरून इसारपत्रावर सह्या झाल्या, की माणसं तिच्या टेबलासमोरच एकमेकांना पेढे भरवायला लागतात. ती चष्म्यावरून बघते आणि म्हणते, "साक्षगंध झालं फक्त. लगन बाकी हाये. ठेवा थे पेढे पिशवीत."

मग ती घेणाऱ्याला कामाला जुंपते. तीस वर्षांचे दस्त शोधा, पेपरात जाहीर नोटीस द्या, मोजणी आणा, विकणाऱ्याच्या लग्न होऊन गेलेल्या बहिणींच्या सह्या घ्या. विकणाराही सुटत नाही. त्याला ती सांगते, सौदा ठरला त्या दिवशी जी दारं होती, तीच दारं ताबा देताना दिसली पाहिजेत. हे सांगावंच लागतं, कारण सागवानी चौकटीवर आमच्याकडच्या माणसाचा भारी जीव. घर विकेल, पण चौकट रातोरात उपटून नेईल.

आणि शेवटी चहा. हे तिचं स्वतःचं शास्त्र. रजिस्ट्रीच्या आधी त्या घराच्या चारी बाजूंच्या शेजाऱ्यांना चहा पाजायचा आणि घराविषयी काय म्हणणं आहे ते विचारायचं. "कागदाले जेवढं विचारलं तेवढंच सांगते," ती म्हणते, "शेजारी न विचारलेलंही सांगते." लोक हसतात, पण पाजतात. बाईचा दरारा तसा आहे.

अशी ही सत्यशीला स्वतः मात्र सात भाड्याची घरं बदलून बसलेली. मालकानं सांगितलं की चंबूगबाळं उचलायचं. नवरा गेल्यावर मुलगी हर्षाला तिनं अशाच खोल्यांमधून वाढवलं. तिला एकच हौस होती, स्वतःचं घर आणि त्याला चारी बाजूंनी भिंत. यंदा तो योग आला. गावाच्या कडेला, धानाच्या बांध्यांना, म्हणजे भातखाचरांना लागून बापूजींचं घर होतं. त्यांची बायको रंभा वारली, आता ते लेकाकडे कुरखेड्याला राहायला जाणार होते. इसारपत्र झालं, दोन महिन्यांची मुदत ठरली.

सत्यशीलानं सगळी कामं चोख केली. मोजणीत एक बोटभर फरक निघाला नाही. भिंतीसाठी तिनं मिस्त्रीही सांगून ठेवला. राहिला फक्त चहा. पण धानाची रोवणी सुरू झाली होती. रोवणीत आमच्याकडे माणूस घरी सापडत नाही, पाहुणा आला तर त्यालाही चिखलात उतरवतात. सगळे ओळखीचेच तर आहेत, असं म्हणत तिनं चहा सोडूनच दिला.

हर्षाला ते पटलं नाही. "आई, लोकायच्या मागं लागून लागून चहा पाजायले लावते. अन् तुयाच घरची साखर संपली काऊन?"

हे झोंबलं. दुसऱ्या दिवशी सत्यशीलानं किटली भरली, पदर खोचला आणि शेजारी घरी नाहीत तर त्यांच्या बांधीवर गेली. तिघांनी गुडघाभर चिखलात उभं राहून चहा घेतला. कोणाचीच काही हरकत नव्हती. चौथी सुकरी, पूर्वेच्या अंगाला एकटी राहणारी गोंडाची म्हातारी. तिनं कप घेतला आणि मान वर केलीच नाही.

"भिंत बांधून राह्यल्या म्हणते. बांधा, बाई. मी नाल्याकडून जाईन."

सत्यशीलाला कळेना. तेव्हा सुकरीनं सांगितलं. तिचं दार बापूजींच्या अंगणात उघडायचं. तीस वर्षं ती त्या अंगणातूनच रस्त्याला लागत होती. दुसरी वाट नाल्याची, पावसाळ्यात मांडीभर पाण्याची.

सत्यशीला तडक बापूजींकडे गेली. म्हाताऱ्यानं मान खाली घातली. "रंभीच्या बाळंतपणात सुकरी धावली होती. तवा रंभीनं देल्ली थे वाट. कागदावर नाई काई. तुमाले सांगतलं तं सौदा मोडान, असं भेव वाटलं मले."

कागद सत्यशीलाच्या बाजूनं होता, आणि हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार! आधी ती बापूजींवर चिडली, मग स्वतःवर. चहा टळला असता तर भिंत उभीही राहिली असती. आणि मग तिला तिची आजी आठवली. आजीच्या गावात विहिरीकडे जाणारी सरळ वाट त्यांच्या जातीच्या लोकांना बंद होती. आजी शेताला वळसा घालून जायची आणि मरेपर्यंत सांगायची, चारशे बारा पावलं जास्त पडत. डोक्यावर घागर घेऊन मोजलेली पावलं.

"सौदा नाई मोडत, बापूजी," ती म्हणाली. "पण थे वाट आता कागदावर येईन."

खरेदीखताचा मसुदा तिनं स्वतःच्या हातानं लिहिला: पूर्वेकडील चार फुटांची वाट सुकरी मडावी यांना व त्यांच्या मागून त्या घरात राहणाऱ्यांना येण्याजाण्यास कायम खुली राहील. रजिस्ट्रीला सुकरी आली, पेढा खाऊन गेली. त्याच आठवड्यात सत्यशीलानं फेरफाराचा अर्ज टाकला, कर आणि विजेचं मीटर नावावर करायला दिलं. रजिस्ट्री झाली म्हणून हात झटकणाऱ्यांना ती सव्वीस वर्षं बोलत आलीये, स्वतः कशी झटकणार?

मिस्त्री मात्र डोकं खाजवत होता. "बाई, सोताच्याच जागेत चार फूट मागं सरकून भिंत बांधणारी तुमीच पह्यली."

"बांध तू," ती म्हणाली. "सरळ बांध म्हणजे झालं."

भिंत पुरी झाली त्या दिवशी ती सुकरीच्या दारात जाऊन उभी राहिली आणि तिथून रस्त्यापर्यंत मोजत चालत आली. सदतीस पावलं भरली.