भाऊजींच्या पानात पायसम

माझ्या धाकट्या दिराला भांग चढली की काय होतं ते मी पाहिलेलं आहे. पण त्याआधी त्यानं ती मला पाजली होती, म्हणून तिथूनच सांगते.

आम्ही तंजावरकडचे मराठी, मद्रासेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले. सासर पुण्याचं. नवरा गिंडीच्या कारखान्यात, आणि काम शिकायला आलेला हा दीर आमच्याच मांबळमच्या घरात. माझं मराठी ऐकून तो पोट धरून हसायचा. गाण्याला मात्र हसता येत नव्हतं, तेच त्याला सलत असणार.

रेडिओवर गाण्यासाठी माझी चाचणी ठरली ती नेमकी होळीच्या दिवशी. मद्रासला होळीची सुट्टी नसते, आम्ही खेळतही नाही, त्यामुळे माझ्या ध्यानीमनी काही नव्हतं. सकाळी तो सावकारपेठेतल्या, होळी खेळणाऱ्या मारवाडी दोस्तांकडून लोटाभर बदामाचं दूध घेऊन आला. "वहिनी, मिरी घातलीय. गळा मोकळा होईल."

गाणाऱ्या बाईला आमच्याकडे मिरीचं दूध देतातच. मी एक पेला प्याले आणि गळ्याला चांगलं म्हणून वर दुसरा मागून घेतला. त्यानं हसत हसत ओतला.

निघायच्या वेळी हातपाय गार पडले, छाती धडधडायला लागली. सोबतीला आलेली आई घाबरली. "अय्यो, दृष्ट लागली गं तुला! पानकम घे कण्णा, बरं वाटेल." आमच्याकडे कशावरही पहिला उपाय पानकमच, सुंठ घातलेलं गुळाचं पाणी. तिनं मायेनं तांब्याभर पाजलं, आणि मग ती भांग खरी चढली.

माइकसमोर बसले तेव्हा जीभ टाळूला चिकटली होती. तंबोऱ्याच्या दोन तारांमध्ये अख्खी दुपार जाते आहे असं वाटायचं. मी मांडीवर ताल मोजत राहिले, मोजतच राहिले, सम काही येईना. शेवटी तिथल्या सतरंजीवरच ओकले.

गल्लीतले डॉक्टर माझे डोळे पाहून आणि आईचं ऐकून म्हणाले, "भांगेवर गूळ दिलात? गोडानं ती आणखी चढते. आंबट द्यायचं." हे ऐकून आई जी रडायला लागली, ती पुढे विषय निघाला की रडायचीच. माझ्या हातानंच पोरीचं गाणं गेलं, म्हणायची. नवरा म्हणाला, चेष्टा ती, मनावर काय घेतेस. मी मनावरच घेतलं. पुढच्या चाचणीच्या वेळी मी बाळंतीण होते, आणि त्यानंतर घरात कुणी तो विषय काढू दिला नाही.

पुढच्या होळीला दिराला पाहायला आवडी नावाच्या उपनगरातल्या क्वार्टर्समधलं एक मराठी कुटुंब जेवायला यायचं होतं. मुलगी त्यानं लांबून पाहिली होती आणि तिच्यापायी तो पार वेडा झाला होता. तरी सकाळी दोस्तांकडे गेलाच. परत आला तो लालबुंद डोळ्यांनी, भिंतीला धरत. "वहिनी, जरा जास्त झाली. लिंबू असेल तर द्या ना."

"संपली, भाऊजी."

"ताक?"

"विरजण लागलंच नाही."

लिंबं टोपलीत होती. ताक झाकून ठेवलेलं होतं. चुलीवर चिंचेचं रसम उकळत होतं, त्याचा वास त्यालाही येत असणार. मला इतका आनंद कित्येक महिन्यांत झाला नव्हता.

पानं मांडली. आमच्याकडे पानात पहिलं पायसम, म्हणजे खीर, वाढतात, आणि ज्याच्यासाठी जेवण त्यानं नको म्हणायचं नसतं. मी वाढलं. त्यानं संपवलं. मी पुन्हा वाढलं, सगळ्यांदेखत, अगदी अगत्यानं. रसम सगळ्यांना फिरवलं, त्याच्या पानापर्यंत काही पोचलं नाही. मुलीच्या वडिलांना तो एकच प्रश्न विचारत राहिला, आवडीची गाडी आली का, आवडीची गाडी आली का. मग हसत सुटला. मग रडला. आणि मग केळीच्या पानावरच ओकला. मुलीनं पदर नाकाला लावला. पाहुणे पुढचा भात न घेताच उठले.

त्यानं डोळे वर करून माझ्याकडे पाहिलं. त्याला कळलं होतं. कळावं म्हणूनच मी तिथे पळी घेऊन उभी होते.

ते लग्न काही जमलं नाही; पुढे त्याला दुसरी मुलगी मिळाली, संसार झाला. अजून येतो. पायसम वाढलं की आधी मला घास घ्यायला लावतो, मी घेते. जेवण झालं की त्याची बायको भाबडेपणानं म्हणते, "ताई, तुम्ही छान गायचात म्हणे. एखादं होऊ दे ना."

मी त्याच्याकडे बघून सांगते, "घसा कोरडा पडलाय गं."