दीड बोट

अपेक्षाची दाढ तीन दिवस ठणकत होती. पहिल्या दिवशी मंदाकिनीने दाढेखाली लवंग धरायला लावली, दुसऱ्या दिवशी मेडिकलमधून गोळी आणली. तिसऱ्या दिवशी लेकीचा गाल सुजला, तेव्हा ती नवऱ्याला म्हणाली, "उद्या शनिवार हाय, तुमची गाडी बंद. तुम्हीच घेऊन जा तिला. मला काय सुट्टी मिळायची नाही."

बजरंग बरं म्हणाला आणि तसाच भिंतीला टेकून बसून राहिला.

तो कंपनीची बस चालवायचा. राहायला हिंजवडीच्या जुन्या गावठाणात. पहाटे साडेचारला उठून रिकामी बस कर्वेनगरला न्यायची, सातला तिथून माणसं भरायची आणि हिंजवडीला आणून सोडायची. संध्याकाळी हेच उलट. जिथं त्याच्या वडिलांनी, जमीन कंपन्यांना जायच्या आधी, ज्वारी काढली, त्या जागेपासून हाकेच्या अंतरावर तो बस लावायचा, आणि कर्वेनगरहून तिथं पोचायला त्याला रोज पावणेदोन तास लागायचे. सेहेचाळीस वर्षांचा होता, पण साठीचा वाटायचा. ट्रॅफिकमध्ये बस बोटभर पुढं सरकायची आणि थांबायची, मागं कंपनीतली सगळी पोरं कानात काहीतरी खुपसून झोपलेली असायची, आणि त्याच्याही डोळ्यांवर झापड यायची. मग तो गालात मावा धरायचा. सुपारी, तंबाखू, चुना. बाविसाव्या वर्षी लागलेली सवय. तेवढ्यावरच आपली नोकरी चालते, असं त्याला खरोखर वाटायचं.

मंदाकिनी एका कॅन्टीनमध्ये चपात्या लाटायची. सातला जायची, पाचला परतायची, ती पाय सुजवूनच. घरातलं तिसरं माणूस म्हणजे अपेक्षा, वय वर्षं नऊ. संध्याकाळी दोघंही इतकी दमलेली असायची की पोरगी कुरकुरायला लागली की तिच्या हातात दूध-बिस्किटं द्यायची आणि तिथंच गादीवर झोपू द्यायचं. चूळ भर, दात घास, हे सांगायलाही तोंड उघडावंसं वाटायचं नाही.

दवाखाना गावातच, एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर होता. डॉक्टर कल्याणी म्हणून होत्या, मूळच्या पुण्याच्या पेठेतल्या. बोलणं मोजकं. अपेक्षा खुर्चीवर बसली, पण ओठ घट्ट मिटून. बजरंगने समजावलं, रागावून पाहिलं, चॉकलेटचं आमिषही दाखवलं.

"दातांच्या दवाखान्यात चॉकलेट कबूल करणारे तुम्ही पहिले नाही," डॉक्टर म्हणाल्या. मग त्यांनी अपेक्षाला विचारलं, "आधी पप्पांचे दात बघू का? मग तुझे?"

अपेक्षाने मान हलवली. बजरंगला नाही म्हणता येईना. तो खुर्चीवर आडवा झाला. दिवा तोंडावर आला.

"आ करा."

त्याने आ केला.

"अजून उघडा."

"एवढंच उघडतंय."

डॉक्टरांचा आरसा हवेत तसाच राहिला. त्यांनी गालाला आतून बोट लावलं, इकडून तिकडून चाचपलं, आणि काही न बोलता दिवा बाजूला केला. "झालं. बघ, पप्पा रडले का?" त्या अपेक्षाला म्हणाल्या. पोरीने मुकाट तोंड उघडलं.

दाढ दुधाची होती, पण कीड थेट दाढेच्या नसेपर्यंत पोचली होती. तीन वेळा यावं लागेल, आतली नस साफ करून वर टोपी बसवू, असं डॉक्टरांनी सांगितलं. बजरंग म्हणाला, "दुधाचीच हाय ना? पडणारच की. काढून टाका."

"ती पडायला अजून दोन वर्षं आहेत. तोवर खालच्या दाताची जागा तीच राखते. आज काढली तर शेजारचे दात सरकतात आणि नवा येतो तो वाकडा. जागा सोडली की काय होतं, ते हिंजवडीच्या माणसाला मी सांगायला नको."

बजरंगला हसू आलं, पण हसताना गाल ओढल्यासारखा झाला.

त्या दिवशीचं काम झाल्यावर डॉक्टरांनी त्याला थांबवलं. तीन बोटं एकावर एक उभी धरून स्वतःच्या दातांमध्ये घालून दाखवली. "हे करून बघा." शेजारी उभ्या अपेक्षाने लगेच केलं. तिची तिन्ही बोटं सहज आत गेली. बजरंगचं एक बोट गेलं, दुसरं अर्ध्यावर अडकलं.

"मावा किती वर्षं?"

"लई नाही. असाच. गाडीवर असलो की."

"किती वर्षं विचारलं मी."

"चोवीस."

त्यांनी सरळ सांगितलं. सुपारीने गालाच्या आतली कातडी ताठ होत जाते, दोरीसारखी. आखडलेलं पूर्ववत होत नाही. मावा सोडला तर आहे तिथं थांबवता येतं, व्यायामाने थोडं सुटतं. डाव्या गालात एक पांढरा चट्टा आहे, तो मोठ्या हॉस्पिटलात दाखवून त्याचा तुकडा तपासून घ्यायला हवा.

"विचार करतो," बजरंग म्हणाला.

"करा. चट्टा काही तुमच्यासाठी थांबणार नाही."

जिना उतरताना त्याने अपेक्षाला सांगितलं, "आईला माझं काय सांगू नको."

खरं तर त्याला दोन वर्षांपासून कळत होतं. वडापाव खाणं सुटलं होतं, भाकरीचे बारीक तुकडे करून तो ओठांतून आत सरकवायचा. तिखटाचा घास घेतला की सगळं तोंड पेटायचं. घरी त्याने एवढंच सांगितलं होतं की हल्ली पित्त होतं. त्यावरून किती भांडणं झाली होती. दिवसभर परक्या लोकांच्या चपात्या लाटून आलेली मंदाकिनी त्याच्यासाठी वेगळी, बिनतिखटाची भाजी टाकायची आणि एक दिवस पातेलं आपटून म्हणाली होती, "माझ्या हातची चवच नको झालीय, ते सांगा की सरळ."

अपेक्षाने सांगितलं काहीच नाही. पण नऊ वर्षांच्या मुलीला नवीन खेळ मिळाला होता. दुसऱ्या खेपेनंतर, रविवारी जेवताना, ती आईला म्हणाली, "आई, तीन बोटं घाल तोंडात. अशी." मंदाकिनीने पिठाचा हात पदराला पुसला आणि बोटं घातली. गेली.

"माझी पण जातात," अपेक्षा म्हणाली, आणि एकदम गप्प होऊन ताटाकडे बघायला लागली.

मंदाकिनीने लेकीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "तुम्ही घाला की."

"जेव आता गुमान."

"घाला की एकदा."

त्याने घातलं. दीडच. तिने खाली वाकून, दिव्याच्या उजेडात नीट पाहिलं. तिचं तोंड उतरलं, पण आवाज चढला नाही.

"म्हणून तिखट लागतंय होय," ती म्हणाली. "दोन वर्षं मी स्वतःला बोल लावला." मग उठून तिने त्याची भाजी त्याच्या ताटात वाढली.

पुढच्या बुधवारी तिने कॅन्टीनमधून एक दिवस मागून घेतला आणि त्याला हॉस्पिटलात नेलं. रांग, केसपेपर, पुन्हा रांग. गालाचा कणभर तुकडा काढला, दोन टाके पडले. रिपोर्ट आठ दिवसांनी मिळणार होता. ते आठ दिवस बजरंगने बस चालवली. सिग्नलला थांबला की जीभ आपोआप टाक्यांकडे जायची. घरी मंदाकिनी झोपण्याआधी तिघांचे ब्रश ओट्यावर काढून ठेवायची आणि बाकीच्या दोघांचं होईपर्यंत मोरीच्या दारात उभी राहायची. कधी तिला उभ्याउभ्याच पेंग यायची.

रिपोर्टमध्ये कॅन्सर नव्हता. "आज नाही," तिथले डॉक्टर म्हणाले, "पण दर तीन महिन्यांनी दाखवायचं. आणि मावा एकदम बंद." मंदाकिनीने बाहेरच्या बाकावर बसून पाण्याची अर्धी बाटली एका दमात संपवली. बजरंगलाही काही मोठा आनंद झाला नाही. तो तिच्या शेजारी बसला. परत जायची बस आली, तेव्हा दोघं उठले.

मावा सोडणं रिपोर्टपेक्षा कठीण गेलं. डोकं ठणकायचं, हात रिकामे वाटायचे, वाकडच्या पुलापाशी डोळे मिटायला लागायचे. बाराव्या दिवशी पार्किंगमध्ये दुसऱ्या ड्रायव्हरने पुडी पुढं केली आणि त्याने घेतली. गालात धरून अर्धा तास बसला. तोंडाची आग झाली तेव्हा थुंकला. घरी आल्यावर त्याने मंदाकिनीला सांगितलं. तिने विचारलं, "उद्याचं काय?" तो म्हणाला, "उद्या बघू." तिने भाजलेली बडीशेप डबीत भरून दिली. त्यानंतर आणखी दोनदा घेतला. मग नाही घेतला.

व्यायामासाठी डॉक्टर कल्याणींनी आइस्क्रीमच्या असतात तशा चपट्या काड्यांचा गठ्ठा दिला. पुढच्या दातांमध्ये काड्यांची चळत बसवायची, दुखेपर्यंत धरायची, सवय झाली की एक वाढवायची. सुरुवात चौदा काड्यांपासून झाली. दुपारी रिकाम्या बसमध्ये तो तोंडात काड्या धरून बसायचा, डोळ्यांतून पाणी गळायचं. बाकीचे ड्रायव्हर आधी हसले. एक जण नंतर एकटाच आला आणि खिडकीखाली उभा राहून म्हणाला, "मला जरा बघून सांग रे, माझंही कमी उघडतंय का?" बजरंगने त्याला बोटं घालायला लावली. अडीच गेली. "जा दाखवून ये," बजरंग म्हणाला. "आत्ताच जा."

पाच महिन्यांत चौदाच्या सतरा झाल्या. "बस एवढंच?" त्याने विचारलं.

"चोवीस वर्षं एका बाजूला, पाच महिने एका बाजूला," डॉक्टर म्हणाल्या. "तीन वाढल्या, त्या पुष्कळ आहेत. घरात अजून कोणाचे दात राहिलेत बघायचे?"

बजरंगने थोडा विचार केला. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती, आणि मंदाकिनी उजवीकडूनच का चावते, हे त्याने कधी विचारलं नव्हतं.

तिला आणायला तीन आठवडे गेले. कधी तिची कॅन्टीनमधली पाळी बदलायची, कधी ती म्हणायची आता दुखत नाही. शेवटी एका रविवारी सकाळी ती आली. डावीकडच्या दोन दाढा खराब होत्या; एक वाचणार होती, एक काढायची होती. तिने आपली पिशवी बजरंगच्या मांडीवर ठेवली, चप्पल दाराशी काढली आणि आत गेली. दार बंद झालं. आतून यंत्राचा आवाज येत राहिला. बजरंगने पिशवी दोन्ही हातांनी धरली, मान भिंतीला टेकवली, आणि पाचच मिनिटांत त्याला झोप लागली.